खोल समुद्रातले वालुकाश्म कसे वाचावेत : नोंद आधी, नाव शेवटी

एमएस्सीच्या मुलांचे फील्ड रिपोर्ट तपासायला माझ्याकडे येतात. त्यात एक वाक्य हमखास असते: 'थरात खाली जाड आणि वर बारीक कण असल्याने हा टर्बिडाइट आहे.' दुसरे वाक्य असे: 'तरंगचिन्हे दिसल्याने हा तळप्रवाहाचा गाळ आहे.' दोन्ही वाक्यांत निष्कर्ष आधी ठरवलेला असतो आणि पुरावा मागून आणलेला असतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची अडचण मला समजते. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा असल्याने अंदमानच्या सहलीआधी अनेकांनी वालुकाश्माचा थर हातसुद्धा लावून पाहिलेला नसतो. म्हणूनच हे काम कोणत्या क्रमाने करायचे, हे इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणासाठी पोर्ट ब्लेअरजवळचा (आताचे श्री विजयपुरम) कॉर्बिन्स कोव्हचा किनारा घेऊ. अंदमान फ्लिश (खोल समुद्रात साचलेल्या वाळू-चिखलाच्या थरांची रांग) गटाचे वालुकाश्म आणि शेल तिथे एकाआड एक रचलेले दिसतात.

आधी एक फरक पक्का करा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. टर्बिडिटी करंट म्हणजे वाळू-चिखलाने जड झालेले पाणी. ते उतारावरून धावत येते, वेग उतरला की ओझे टाकते आणि संपते; असा पडलेला थर म्हणजे टर्बिडाइट. ही एकच घटना असते, काही तासांची, फार तर काही दिवसांची. १९२९ साली ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर अशाच प्रवाहाने अटलांटिकच्या तळावरच्या तारा एकामागून एक तोडल्या. तारा तुटण्याच्या वेळांवरून काही टप्प्यांत त्याचा वेग ताशी ६० किमीहून जास्त निघतो. तळप्रवाहाचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे, बहुधा उताराला समांतर वाहतो, कधी मंद तर कधी जोरात, आणि आधीच पडलेली वाळू पुन्हा पुन्हा हलवून चाळतो; त्याचा गाळ म्हणजे कंटूराइट. म्हणजे खडकापुढे उभे राहून विचारायचा प्रश्न असा: ही वाळू एकदाच येऊन पडली, की पडल्यावरही कोणी तिला हलवत राहिले?

टप्पा १ : निघण्यापूर्वीची तयारी

भरती-ओहोटीचे वेळापत्रक सगळ्यात आधी काढा. अंदमानात दिवसातून दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तिरप्या उन्हाची आणि ओहोटीची वेळ जुळेल असे दिवस निवडा, कारण थराच्या तळावरच्या खुणा भर दुपारच्या उन्हात सपाट दिसतात. जुळत नसेल तर एक चांगला टॉर्च घ्या आणि तो बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा.

सामान थोडेच लागते: ब्रंटन किंवा क्लिनोमीटर कंपास, दहापट भिंग, कणांच्या आकाराचे कार्ड, पाच मीटरचा टेप, पाण्याची स्प्रे बाटली, मऊ ब्रश, हातोडा आणि छिन्नी. हातोडा-छिन्नी चेक-इन बॅगेत टाका. आम्ल विमानात नेता येत नाही, ते तिथल्याच एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळेल अशी सोय आधी करून ठेवा. नमुने आणायचे असतील तर लेखी परवानगीही आधीच घ्यायची. आणि सुंदर खुणा असलेल्या पृष्ठभागावर हातोडा चालवू नका, पुढच्या वर्षी तिथे दुसरी बॅच येणार असते.

डायरीत रकाने घरीच आखा: थर क्रमांक, जाडी, तळाचा सांधा (खालच्या थराशी मिळण्याची जागा), तळाचा कण, माथ्याचा कण, आतली रचना क्रमाने, माथ्याचा सांधा, वरचा चिखल, दिशा, फोटो क्रमांक. 'टर्बिडाइट की कंटूराइट' असा रकाना ठेवायचा नाही. तो असला की पहिल्या पाच मिनिटांत भरला जातो आणि मग बाकीचे रकाने त्याच्या कलाने भरत जातात.

टप्पा २ : वर कोणती बाजू, ते ठरवा

फ्लिशचे थर दुमडलेले असतात, काही पार उलटलेलेही. त्यामुळे लॉगिंगच्या (थरांची क्रमाने मोजून नोंद काढण्याच्या) आधी थराची मूळ वरची बाजू ओळखायची. निदान दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे हवेत:

* थराच्या तळाला बाहेर आलेले फुगवटे, म्हणजे खालच्या चिखलात पडलेल्या खळग्यांचे वाळूने भरलेले साचे.
* तिरपे पापुद्रे वरच्या बाजूला कापलेले आणि खालच्या बाजूला वळून स्पर्शरेषेसारखे टेकलेले.
* वाळूच्या भाराने वर घुसलेल्या चिखलाच्या ज्वाळेसारख्या जिभा. त्यांची टोके वर असतात.

कणांच्या प्रतवारीवर (खाली जाड, वर बारीक) एकटीवर विसंबू नका. काही थरांत तळाशी उलटी प्रतवारी असते, म्हणजे बारीक खाली आणि जाड वर. तेवढाच तुकडा दिसत असेल तर अख्खी रांग उलटी लिहिली जाते.

*तपासणी:* पाच-सहा थरांवर उत्तर एकच येते का? मध्येच बदलले, तर तिथे घडी किंवा विभंग आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : थरामागून थर लॉग काढा

१:१० किंवा १:२० प्रमाण घ्या. खालून वर चढत जा. कणांचा आकार अंदाजाने लिहू नका. पृष्ठभाग ओला करा, भिंग लावा, कार्ड शेजारी धरा. अतिबारीक वाळू ०.०६३ ते ०.१२५ मिमी, बारीक ०.२५ पर्यंत, मध्यम ०.५ पर्यंत, जाड १ मिमीपर्यंत. प्रत्येक थरात तळ, मध्य आणि माथा अशा निदान तीन जागी पाहा. थर २० सेंमीपेक्षा जाड असेल तर जास्त ठिकाणी.

दोन सेंमीचे पातळ थर गाळायचा मोह आवरा. तळप्रवाहाचा पुरावा बहुतेक वेळा याच थरांत दडलेला असतो. दिसत नसलेला भाग 'झाकलेला, ४० सेंमी' असा स्पष्ट लिहा. आजूबाजूचे पाहून तो कल्पनेने भरू नका.

जाड वाळूचा थर खरोखर एकच आहे का, हेही इथेच तपासायचे. बारीक होत आलेला कण एकदम जाड झाला किंवा मध्येच चिखलाच्या चपट्या तुकड्यांची ओळ दिसली, तर तिथे दोन घटना एकमेकींत मिसळल्या आहेत. दुसऱ्या प्रवाहाने पहिल्याच्या माथ्याचा चिखल खरवडून नेला. असा ८० सेंमीचा 'थर' प्रत्यक्षात तीन थरांचा निघतो आणि जाडीवर बांधलेले पुढचे सगळे तर्क बदलतात.

टप्पा ४ : चिखल वाचा

हा टप्पा सर्रास वगळला जातो. माझ्या पहिल्या फील्डमध्ये मी वाळूच्या चाळीस थरांची बारीक नोंद केली आणि मधल्या सगळ्या चिखलाला 'शेल' हा एकच शब्द लिहिला. घरी आल्यावर त्या नोंदींतून थर कसे साचले हे सांगता येईना, आणि पुढच्या हंगामात तिथे पुन्हा जावे लागले.

दोन वाळूंच्या मधला चिखल दोन प्रकारचा असू शकतो. एक त्याच टर्बिडिटी करंटचा शेवटचा गाळ: वाळूतून सलग वर जाणारा, एकसारखा, खालच्या भागात जीवांनी न ढवळलेला. दुसरा, दोन घटनांच्या मधल्या निवांत काळात कणाकणाने बसलेला: रंगाने वेगळा, बिळांनी भरलेला, सूक्ष्म जीवांची कवचे असलेला, पुष्कळदा चुनकट. सौम्य आम्लाचा एक थेंब दोन्हीवर टाकून पाहा. एक फसफसला आणि दुसरा गप्प राहिला, तर सीमा सापडली. मात्र कवचे विरघळण्याइतक्या खोलीवर साचलेला चिखल फसफसणारच नाही. मग रंग आणि बिळे यांवरच भिस्त ठेवायची.

बंगालच्या उपसागराच्या तळावरचा आजचा पंखा (नद्यांच्या गाळाचा पंख्यासारखा पसरलेला ढीग) सुमारे ३००० किमी लांबीचा आहे. २०१५ साली आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-विंधन कार्यक्रमाच्या ३५४ व्या मोहिमेने ८ अंश उत्तर अक्षांशाजवळ तिथे विंधनछिद्रे घेतली. त्यांतही हिमालयातून आलेल्या वाळू-चिखलाच्या थरांमध्ये निवांत काळातले चुनकट पट्टे सापडले. हे पट्टे म्हणजे घड्याळ आहे. ते असतील तर वाळू अधूनमधून आली. ते नसतील आणि सगळा चिखल वाळूत विणल्यासारखा असेल, तर कोणी तरी सतत काम करत होते, ही शक्यता वाढते.

खोली ठरवतानाही हाच चिखल कामाला येतो. वाळूत नुम्युलाइट्ससारखी उथळ पाण्यातली कवचे सापडली म्हणून 'उथळ समुद्र' लिहू नका. वाळूबरोबर तीही उतारावरून वाहत आली असतील. खोलीचा कौल निवांत चिखलातल्या जीवांना आणि बिळांच्या प्रकारांना विचारा.

टप्पा ५ : थराच्या आतला क्रम

आर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ साली मांडलेला पाच भागांचा क्रम पाठ असू द्या. तळाशी रचनाहीन किंवा प्रतवारीची वाळू, वर सपाट पापुद्रे, त्यावर तरंगचिन्हांचे तिरपे किंवा वळ्या पडलेले पापुद्रे, मग बारीक गाळाचे सपाट पापुद्रे आणि शेवटी चिखल. यातून वाचायचा तो उतरता वेग.

पाचही भाग एका थरात क्वचित मिळतात आणि तसे नसणे हा दोष नाही. खालचे भाग नसतील तर प्रवाह तिथे पोहोचेपर्यंत थकला होता, किंवा त्याची कड तिथून गेली. वरचे भाग नसतील तर ते खरवडले गेले, किंवा बारीक गाळ न थांबता पुढे निघून गेला. डायरीत 'बाउमा क्रम' असे न लिहिता जे भाग दिसले तेच लिहा.

आता तो त्रासदायक थर: एक-दोन मीटर जाडीचा, आत काहीच रचना नाही. याला लगेच नाव देऊ नका. दाट टर्बिडिटी करंटने झपाट्याने टाकलेली वाळू अशी असते आणि वाळूचा डेब्रिस फ्लो (घट्ट, लगद्यासारखा सरकणारा गाळ) गोठून थांबला तरी अशीच दिसते. पाणी निसटताना झालेल्या बशीसारख्या वळ्या, तळातली थोडीशी प्रतवारी आणि खरवडलेला तळ पहिल्या शक्यतेकडे नेतात. थराच्या वरच्या भागात वाळूत तरंगत राहिलेले चिखलाचे मोठे तुकडे आणि एकदम तुटणारा माथा दुसरीकडे. दोन्ही खुणा मिळाल्या तर दोन्ही लिहा. एकच प्रवाह वाटेत रूप बदलू शकतो.

*इशारा:* थर हवेने झिजलेला असेल तर रचना असूनही दिसत नाही. 'रचनाहीन' लिहिण्यापूर्वी पाणी मारा, ब्रश करा आणि शक्यतो लाटांनी घासलेला भाग पाहा.

टप्पा ६ : प्रवाहाची दिशा मोजा आणि दुरुस्त करा

बाहेर आलेल्या थराखाली वाकून तळावर हात फिरवा. फ्लूटचा (प्रवाहाने चिखलात कोरलेल्या खळग्याचा) साचा बोटांना चमच्याच्या पाठीसारखा लागतो: एका टोकाला गोल आणि ठसठशीत, दुसरीकडे पसरत जाऊन नाहीसा होणारा. गोल टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला असते, म्हणजे पाणी गोल टोकाकडून पसरट टोकाकडे गेले. सरळ खाचांचे साचे फक्त रेषा देतात, ती कोणत्या बाजूने ते सांगत नाहीत. भाराने आलेल्या फुगवट्यांना दिशाच नसते. हे तिन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि तरंगचिन्हांची दिशा चौथ्यात.

थर कललेला असेल तर वाचन दुरुस्त करावे लागते. डिप (थराचा आडव्या पातळीशी कोन) २५ अंशांपर्यंत असेल तर रेषेच्या वाचनातली चूक तीन अंशांच्या आत राहते, त्यापुढे ती झपाट्याने वाढते. एक उदाहरण करून पाहू. थराची स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) ०२०°, डिप ६०° पूर्वेकडे. प्रवाहाचे टोक स्ट्राइकच्या ०२०° बाजूपासून थराच्या पृष्ठभागावर ४०° खाली झुकलेले. थर सुलट असेल तर त्याला स्ट्राइकभोवती फिरवून आडवा केल्यावर दिशा येते ०२० + ४० = ०६०°. तीच रेषा वरून कंपास धरून थेट वाचली तर सुमारे ०४३° येईल, म्हणजे १७ अंश कमी. आणि थर उलटा असेल तर? मग तो उभा करून पलीकडे झोपवावा लागतो आणि दिशा येते ०२० − ४० = ३४०°. सुलट-उलट ओळखण्यात झालेल्या एका चुकीने दिशा ८० अंशांनी बदलते. टप्पा २ एवढ्या आग्रहाने का सांगितला, ते इथे कळेल.

घडीचा अक्ष स्वतःच कलता असेल तर आधी तो कल काढा, मग थराचा. तळ खालून पाहताना डावे-उजवे उलट होते, म्हणून खुणेवर पेन्सिल टेकवा, हात न हलवता बाहेर या आणि मग टोकाची दिशा वाचा.

सरासरी काढताना होणारी चूक मी दरवर्षी पाहतो. ३५०°, ०१०° आणि ०३०° यांची साधी सरासरी १३०° येते, म्हणजे जिकडे एकही वाचन नाही तिकडे. खरे उत्तर ०१०° आहे. सगळ्या कोनांच्या साइनची आणि कोसाइनची वेगवेगळी बेरीज करून त्यांवरून दिशा काढा. नुसत्या रेषा असतील तर आधी कोन दुप्पट करा, सरासरी काढा, मग निम्मे करा.

टप्पा ७ : तळप्रवाहाचा हात आहे का?

कंटूराइटची अशी एकच एक खूण नाही. तरंगचिन्हे तर टर्बिडाइटच्या मधल्या भागातही असतातच. खुणा एकत्र जमाव्या लागतात:

* कण आधी जाड होत जातात आणि मग पुन्हा बारीक, म्हणजे वेग वाढला आणि उतरला. कादीझच्या आखातातल्या फारो ड्रिफ्ट या तळप्रवाहाने रचलेल्या ढिगात हा दुहेरी क्रम नीट अभ्यासला गेला आहे.
* वाळू चाळल्यासारखी स्वच्छ, आणि तरंगांच्या खोलगटात चिखलाचे पातळ पापुद्रे.
* माथ्याची सीमाही तळाइतकीच एकदम बदलणारी, किंवा तुटलेल्या मण्यांसारखे सुटे तरंग चिखलात अडकलेले.
* बिळे थराच्या माथ्यावरच न थांबता सगळीकडे. वाळू साचत असतानाही जीव तिथे जगत होते.
* एकाच थरात तळाच्या फ्लूटची दिशा एक आणि माथ्याच्या तरंगांची तिला जवळजवळ काटकोनात.

शेवटची खूण सगळ्यात आकर्षक आहे आणि सगळ्यात जास्त फसवते. टर्बिडिटी करंट समोरच्या चढावर आपटून परत फिरला किंवा वाकला तरी दिशा बदलते. म्हणून पाहा: वेगळ्या दिशेचे तरंग खालच्या वाळूतून सलग वर आले आहेत, की मध्ये कापलेली सीमा किंवा चिखलाचा पापुद्रा आहे? सलग असतील तर बहुधा तोच प्रवाह वळला. सीमा असेल आणि अनेक थरांच्या माथ्यावर तीच दिशा पुन्हा पुन्हा येत असेल, तर तळप्रवाहाने माथा पुन्हा हलवला, असे म्हणायला आधार मिळतो. एकमेकांविरुद्ध दिशांचे तरंग आणि चिखलाचे जोडपापुद्रे दिसले, तर समुद्रतळाच्या दरीत भरती-ओहोटीचे पाणी खालपर्यंत पोहोचत होते का, हाही प्रश्न घ्या.

आणि मोठा नकाशा विसरू नका. जोरदार तळप्रवाहाला कारण लागते: अरुंद सामुद्रधुनी, घनतेतला फरक, खंडाची कड. मोरोक्कोतल्या रिफियन कॉरिडॉर या प्राचीन सामुद्रधुनीच्या, मायोसीन काळाच्या उत्तरार्धातल्या वालुकाश्मांना कंटूराइट म्हणता येते, कारण तिथून अटलांटिक आणि भूमध्य समुद्राचे पाणी एकमेकांत वाहत होते. असे कारण तुमच्या खोऱ्यात दाखवता येते का?

टप्पा ८ : पातळ छेद

पातळ छेद म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची खडकाची पारदर्शक चकती. इथे एकच सावधगिरी सांगतो. कणांमधला चिखल पाहून 'गढूळ प्रवाह' ठरवू नका. मऊ खडकांचे कण दाबाखाली चिरडले की चिखलासारखेच दिसतात, आणि पुरल्यानंतरही तिथे नवी चिकणखनिजे वाढतात. चिरडलेल्या कणाच्या कडा अजून ओळखू येतात का, ते पाहून वेगळे मोजा.

टप्पा ९ : आता नाव द्या

तीन पायऱ्यांवर लिहा आणि त्यांची सरमिसळ करू नका. पहिली, थर कोणत्या प्रक्रियेने साचला. दुसरी, थरांचा गट कशाचा आहे: पाट (गाळ वाहून नेणारी नाळ), त्याच्या काठचा बांध, की पाटाच्या तोंडाशी पसरलेली जीभ. तिसरी, हे सगळे कोणत्या परिसरात घडले. दुसऱ्या पायरीसाठी उभा लॉग पुरत नाही. थर बाजूला चालत निदान पन्नास मीटर धरून पाहा, तो निमुळता होतो का, कापला जातो का. 'वर जाताना थर जाड होतात, म्हणून जीभ' हे चार-पाच थरांवरून लिहू नका, तेवढा क्रम योगायोगानेही जुळतो.

प्रत्येक निष्कर्षाला पुरावा, खात्री आणि पर्याय जोडा. नमुना असा: 'थर १२ ते १९ : तळ खरवडलेला, फ्लूट, सपाट पापुद्र्यांवर तरंग, माथा सलग चिखलात. टर्बिडिटी करंट, खात्री जास्त. थर १४ आणि १७ च्या माथ्यावर कापलेल्या सीमेवर वेगळ्या दिशेचे तरंग. तळप्रवाहाने पुन्हा हलवले असावे, खात्री मध्यम. पर्याय : परतलेला प्रवाह.' अंदमान फ्लिशचा गाळ नेमका कुठून आला यावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून तिथली दिशा मोजली की लगेच उगमाचे नाव लिहून टाकू नका.

शेवटच्या दिवसाची एक ओहोटी राखून ठेवा. लॉगमधले कोणतेही दोन मीटर निवडा, डायरी बंद ठेवून जोडीदाराला ते नव्याने लॉग करायला सांगा आणि मग दोन्ही कागद शेजारी धरा. सांधे आणि कणांचे आकार जिथे जुळत नाहीत, त्या थरांपाशी पाणी चढायच्या आत दोघांनी मिळून पुन्हा जा.